उशिराचा मोहोर

नमस्कार.

पत्रिकेवर माझ्या भाषणाचं नाव ‘वसंत आणि नवी कादंबरी’ असं छापलं आहे. नाव कार्यवाहांनी सुचवलं, मी हो म्हटलं. नाहीतरी आपल्याकडे व्याख्यान म्हटलं की वसंत आलाच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू करून दिली. तेव्हापासून गावोगावी ऐन उन्हाळ्यात वक्ते घाम पुसत बोलतात, श्रोते पत्रिकेनंच वारा घेत ऐकतात, आणि या सगळ्याला आपण वसंत म्हणतो. माझी काही तक्रार नाही. मी ज्या वसंताबद्दल बोलणार आहे, त्यातही घामच जास्त आहे. कोकीळ ओरडेल मधूनमधून, पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका.

माझं माहेर देवगड तालुक्यातलं. गावाचं नाव सांगत नाही. कादंबरी बाहेर आली की गावातली मंडळी तिच्यात आपापली माणसं शोधणारच आहेत, त्यांचं काम मी कशाला सोपं करू? वडिलांच्या मागे कलमांची बाग माझा चुलत भाऊ बघतो. त्या बागेशी माझा व्यवहार एवढाच, की दर वर्षी माहेरची एक पेटी येते. पूर्वी लाकडी यायची, आत गवत घातलेली. आता पुठ्ठ्याचा खोका येतो, त्याला आम्ही पेटीच म्हणतो. नवी कादंबरी या पेटीच्या मागच्या जगावर लिहायची, असं बरीच वर्षं मनात होतं. बाग कराराने घेणारा एक माणूस, राखणीला आलेलं एक नेपाळी जोडपं, जमीन नावावर असलेले पण मुंबईला राहणारे मालक, आणि आंब्याचा एक हंगाम. ऑक्टोबर ते जून. बस. तीन पिढ्यांची गाथा वगैरे नको होती, त्या मी पूर्वी लिहून झाल्या आहेत आणि वाचकांनीही त्या सोसल्या आहेत.

तर २०२४ च्या डिसेंबरात मी वह्या घेऊन माहेरी राहायला गेले. बेत असा, की मोहोर फुटेल त्याच्याबरोबर पहिलं प्रकरण सुरू करायचं, आणि आंबा उतरेपर्यंत पहिला खर्डा हातावेगळा करायचा.

मोहोराचा पत्ताच नव्हता.

तो का नव्हता, हे घाटावरच्या मंडळींसाठी जरा सांगायला हवं. हापूसच्या कलमाला मोहोर यायचा तर ऑक्टोबरात पाऊस थांबायला लागतो. जमीन सुकत जाते, झाडाला थोडा ताण बसतो, मग रात्री गार पडायला लागतात आणि फांदीच्या टोकाला बोंगा, म्हणजे मोहोराचा डोळा, धरतो. पाऊस लांबला, मुळाशी ओल राहिली, की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. कोवळी, तांबूस, हात लावावासा वाटेल अशी पालवी. मुंबईहून आलेला माणूस तिच्याकडे बघून ‘वा!’ म्हणतो आणि बागवाला कपाळाला हात लावतो. कारण ती पालवी जून झाल्याशिवाय त्या फांदीला मोहोर यायचा नाही, आणि जून व्हायला तिला दोन-तीन महिने सहज लागतात. २०२४ चा पाऊस ऑक्टोबरातही पडत राहिला. मग जरा थंडी सुरू होतेय म्हणेपर्यंत बंगालच्या उपसागरात फेंगल चक्रीवादळ उठलं, आणि ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं. कुठे पुदुच्चेरी, कुठे देवगड! पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे आभाळ भरून आलेलं, हवा दमट, थंडी गायब, मधूनच पावसाचा शिडकावा. मी पोचले तेव्हा कातळावरची सगळी बाग तांबूस झाली होती.

त्या तांबूस बागेकडे तोंड करून मी पडवीत लिहायला बसायची. वह्यांची चळत वाढत होती. पात्रांच्या वंशावळी, गावाचा नकाशा, कुणाचं घर कुठल्या पाणंदीला, कुणाची जमीन कुणाकडे अडकलेली, कोण कुणाशी बोलत नाही आणि का बोलत नाही. प्रकरण मात्र एकही नाही. एका संध्याकाळी भाऊ येऊन बसला. त्यानं वरची वही उचलली, चाळली, खाली ठेवली, आणि म्हणाला, “ताय, ही सगळी पालवी गो. मोहोर खंय?”

समीक्षक माझ्याबद्दल जे दोन-दोन पानं लिहितात ते यानं एवढ्यात आटपलं, आणि वहिनीकडे चहा मागितला.

आता जरा कालिदासाकडे जाऊ. घाबरू नका, लगेच परत येऊ. त्याचं ऋतूंवरचं काव्य ग्रीष्मापासून सुरू होतं आणि वसंतावर संपतं. वसंत तिथे योद्धा होऊन येतो आणि त्याचे बाण असतात आंब्याच्या मोहोराचे. कामदेवाच्या पाच बाणांतही आंब्याचा मोहोर आहेच. आपण मराठी लेखक ही सामग्री शतकानुशतकं वापरतोय. मोहोर, कोकीळ, दक्षिणेचा वारा आणि कुणाचं तरी नुसतंच उदास होणं. माझ्याही एका जुन्या कादंबरीत असा परिच्छेद आहे, आणि अभ्यासक्रमात नेमकी तीच पानं लागली होती.

पण उज्जैनकडे, एकूणच उत्तरेकडे, आंबा मोहोरतो तो फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे माघ-फाल्गुनात, वसंताच्या तोंडावर. कालिदासानं डोळ्यांसमोरचं लिहिलं, त्याचं बरोबरच आहे. देवगडात वेळेवर आलेला मोहोर म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरचा. पंचांगात तेव्हा हेमंत चालू असतो. आमच्या बागवाल्याच्या दृष्टीनं वसंत पंचमीला आलेला मोहोर म्हणजे शेवटच्या गाडीला आलेला पाहुणा. कवीचा जो वेळेवरचा वसंत, तो आमच्याकडे उशिराचा. आणि आपण सगळ्यांनी दीडेक हजार वर्षं उज्जैनचं वेळापत्रक कोकणात लावलं. (शिवाय कामदेवाच्या बाणातला आंबा रायवळ होता. हापूस पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात झालेल्या कलमांमधून आला. त्याचा बाण कुणी मारला असता तर आधी दलालाला विचारून मारला असता.)

जानेवारीच्या मध्यावर थंडी पडली. चांगली पडली. पहाटे मी चादरीवर गोधडी घ्यायला लागले, आणि महिनाअखेर वसंत पंचमीच्या आसपास बाग मोहोरली. एकदम. काल काही नव्हतं आणि आज सगळ्या पूर्वेकडच्या फांद्या पिवळट-गुलाबी, असं. वास सगळ्या वाडीभर. मोहोर जवळून बघितलाय का तुम्ही? फोटोत तो एक तुरा दिसतो. हातात घेतला की कळतं, त्याचा देठ लालसर असतो, त्याला फाटे, फाट्यांना उपफाटे, आणि त्यांच्यावर मोहरीपेक्षा थोडी मोठी अशी फुलं, शेकड्यांनी. त्यातली बहुतेक नुसती नर. फळ धरू शकतील अशी थोडकीच, आणि त्यातूनही अख्ख्या तुऱ्याला शेवटी एखादा आंबा राहतो, फार तर दोन. बाकीचं सगळं खाली. सकाळी झाडाखाली चाललात तर चप्पल पिवळी होते. आणि झाडावर तुडतुडे असले तर ऐकू येतात. हे मला माहीत नव्हतं. फांदीला धक्का लागला की बारीक पाऊस पानांवर पडावा तसा तुडतुड आवाज होतो, हजारो किडे एकदम उडतात. ते मोहोराचा रस शोषतात, पानांवर चिकटा पडतो, चिकट्यावर काळी बुरशी धरते. एवढ्या सुंदर वासात उभं राहून माणूस कान देऊन किडे ऐकत असतो.

मला त्या आठवड्यात फार आनंद झाला, हे मी लपवणार नाही. इतके दिवस वाट पाहिलेली गोष्ट दारात उभी. मी घरभर बोलत सुटले, मुंबईला फोन केले, वहिनीला सांगितलं की आता कादंबरी सुरू. भाऊ पंप धूत होता. त्यानं मान वर न करता हिशोब सांगितला, “आत्ता मोहोर, म्हणजे आंबो मे अखेर. मे अखेर म्हणजे पावसाच्या तोंडार. तुका बरा वाटता मां? बरा आसा.”

हापूसला मोहोर फुलल्यापासून फळ उतरवेपर्यंत साधारण चार महिने धरा. आंबा पुरता पिकेपर्यंत झाडावर ठेवत नाहीत, चौदा आणे तयार झाला की उतरवतात. सोळा आणे होऊ दिला तर आत साका, म्हणजे पांढरट खराब गर, होण्याची भीती. नोव्हेंबरच्या मोहोराचा आंबा मार्चअखेरीला वाशीच्या बाजारात जातो. तेव्हा माल थोडा, गिऱ्हाईक हपापलेलं, दर चांगला. त्यातून औषधाचे, मजुरीचे, सोसायटीचे पैसे सुटतात. एप्रिलचा आंबा घर चालवतो. मेच्या मध्यानंतर बाजारात सगळीकडचा माल येऊन पडलेला असतो, कर्नाटकचा आंबा हापूसच्या शेजारी हापूस म्हणून बसलेला असतो, दर उतरतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणात पाऊस लागला की झाडावर राहिलेलं फळ पेटीत भरायच्या लायकीचं राहत नाही. ते किलोवर कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना, जातं. म्हणजे भावाच्या हातात बाजाराचे जे तीन महिने असतात, त्यातले दोन त्या वर्षी मोहोर फुटायच्या आधीच गेलेले होते. आणि मी त्याच्यासमोर उभी राहून वसंताचं स्वागत करत होते.

माझा खरा विषय इथे सुरू होतो. कार्यवाहांना बहुतेक वाटलं असणार की मी फुलांबद्दल बोलेन.

मला त्या उशिराच्या वसंताचा आनंद झाला तो सौंदर्यामुळे नव्हे, सुंदर तर दर वर्षीच असतो. आनंद झाला तो उशीर झाला म्हणून. वेळेवर मोहोर आला असता, वेळेवर आंबा गेला असता, तर माझ्या कादंबरीतल्या त्या कराराने बाग घेणाऱ्या माणसाला करण्यासारखं काय होतं? त्यानं पैसे घेतले असते, कर्ज फेडलं असतं, राखणदाराला हिशोब दिला असता आणि पोरीचं लग्न ठरवलं असतं. चांगला माणूस सुखात आहे, यावर मी दहा पानं लिहू शकते, त्यातली दोन कंटाळवाणी होतील असं नाही, सगळी होतील. कादंबरीकाराचं पोट उशिरावर चालतं. पत्र उशिरा पोचतं, माणूस उशिरा येतो, पैसे उशिरा सुटतात. हे मला तात्त्विकदृष्ट्या माहीत होतं. पण ज्याचा उशीर आहे तो माणूस समोर पंप धुतोय आणि त्याच्याच घरी त्याच्याच बायकोच्या हातचं जेवून मी तो उशीर वहीत उतरवून घेतेय, अशी वेळ पूर्वी आली नव्हती.

टॉलस्टॉयनं ‘ॲना कॅरेनिना’ १८७३ च्या मार्चात लिहायला घेतली. तिच्यात लेव्हिन नावाचा जमीनदार आहे, तुम्हाला आठवत असेल. त्याच्याकडे एका वर्षी वसंत असाच लांबतो. उपासाचे आठवडे संपत आले तरी रात्री कडाक्याचं गोठतं, ईस्टर बर्फातच होतो. मग एकदम उबदार वारा सुटतो, पाऊस पडतो, धुकं पसरतं, नद्या फुटतात. मला या सगळ्यातली वेगळीच गोष्ट आवडते. त्याच हिवाळ्यात लेव्हिननं शेतीवर एक पुस्तक लिहायला घेतलेलं असतं, आणि त्याचं म्हणणं असतं की शेतीचा विचार करताना जमीन आणि हवामान जसं धरता तसा राबणारा माणूसही धरा, त्याचा स्वभावही धरा. जमीन त्याची, उशिराचा वसंत त्याचा आणि पुस्तकही त्याचंच. त्याला कुणाची परवानगी घ्यायची नव्हती. आमच्याकडे वाटणी झालेली होती, उशीर भावाचा आणि पुस्तक माझं. माहेरवाशिणीला माहेरातून काय काय नेता येतं याची यादी आपल्याकडे मोठी आहे, पण भावाचं नुकसान त्या यादीत बसतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी ते नेलं एवढं खरं.

त्यानंही ते दिलं, हे सांगायला हवं. कसं दिलं ते सांगते.

त्याच्याकडे औषधाची वही असते. साधी, लांबट, हिशोबाची वही, कोपरे औषधानं पिवळे पडलेले. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं मोहोराच्या संरक्षणाचं सहा फवारण्यांचं वेळापत्रक दिलेलं आहे. पालवीवर एक, बोंगे फुटताना दुसरी, मग साधारण पंधरा-पंधरा दिवसांनी पुढच्या. भाऊ तेच वेळापत्रक धरून चालतो, शिवाय गिर्ये-रामेश्वरच्या संशोधन केंद्रात जाऊन विचारतो, शिवाय स्वतःचं डोकं चालवतो. वहीत रकाने आहेत. तारीख, औषध, पाणी किती, गडी किती, मजुरी. एके दिवशी मी सहज मागितली आणि रात्रभर वाचत बसले. डिसेंबरच्या पानावर तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेसमोर एकच शब्द होता: ‘ढग’. दुसरं काही नाही. मग जानेवारीत अक्षर जरा मोकळं होतं, औषधांची नावं येतात, गड्यांचे आकडे येतात. फेब्रुवारीत एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘सौ. ला दवाखान्यात नेले. फवारणी राहिली.’ आणि त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीची तारीख, ‘कालची आज केली. गडी दोन जादा.’

मी त्याला विचारलं, वहिनीला काय झालं होतं, मला कसं कुणी बोललं नाही? म्हणाला, काही नाही, बीपी वाढलं होतं. त्या वेळी मी त्याच घरात, पुढच्या खोलीत, माझ्या पात्रांच्या मनाच्या तळाशी वगैरे गेलेली होते.

या वहीनं माझी कादंबरी बदलली. तोवर माझा बेत होता महिन्यांप्रमाणे प्रकरणं करायचा, प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला निसर्गाचा एक परिच्छेद. तो बेत मी मोडला. आता फवारणी ते फवारणी असं एक प्रकरण आहे. माणसं भांडतात, बोलणी करतात, आजारी पडतात, प्रेमात पडतात, सगळं त्या पंधरा दिवसांच्या आत, आणि पंप निघाला की सगळं बाजूला. आणि वसंताचं वर्णन? ते नाही असं नाही. कातळाच्या कडेची उक्षी वेळेवर फुलली होती, काजूच्या मोहोराचा वास होता, खाली वेंगुर्ल्याकडची सुरंगीची वळेसरं बाजारात आली होती, तांबट दिवसभर ठोकत होता. ही सगळी मंडळी आपापल्या वेळेवर आली होती, उशीर फक्त कलमांना झाला होता. पण माझ्या पुस्तकात यातलं जे कुणाला कामाच्या मधे दिसतं तेवढंच येतं. राखणदाराची बायको सुरंगीचं वळेसर माळते ते एका ओळीत आहे, कारण त्या दिवशी तिला एवढीच सवड होती.

पहिलं वाक्यही त्या वहीतूनच आलं. ‘त्या वर्षी औषधाच्या वहीत डिसेंबरभर एकच शब्द होता: ढग.’ माझ्या आजवरच्या कादंबऱ्यांत पहिलं वाक्य मी शेवटी बदललेलं आहे. हे बहुधा राहील. भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “ह्या तर माझाच आसा. मगे पैसे माका किती?” मी म्हटलं, मराठी कादंबरीचं मानधन ऐकलंस तर तू मलाच पेटी फुकट देशील. म्हणाला, ती तर देतोच.

पुढचा हंगाम थोडक्यात सांगते, कारण पुस्तकातही तो थोडक्यातच आहे. मोहोरानंतर रात्री थंड राहिल्या तर आणखी एक संकट असतं. फळ धरलेल्या फांदीवरच झाड पुन्हा मोहोर काढतं आणि पहिल्या कणीला, म्हणजे नुकत्या धरलेल्या बारीक फळाला, अन्न पुरत नाही, ती गळते. भाऊ त्या भीतीत होता. तेवढ्यात उलटंच झालं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात हवामान खात्यानं मुंबईसह कोकण किनाऱ्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. फेब्रुवारीत! २६ तारखेला महाशिवरात्र होती. कुणकेश्वरच्या जत्रेला आम्ही सगळे गेलो होतो. समुद्राकाठी लाखो माणसं, सकाळी दहालाच वाळू पायाला चटके द्यायला लागली, दर्शनाच्या रांगेत लोक ओले टॉवेल डोक्यावर घेऊन उभे. आणि रांगेतल्या ज्या ज्या माणसाशी भाऊ बोलला, तो प्रत्येक जण एकच विचारत होता, गळ किती आहे? देवाच्या दारात माणसं कणीची गळ मोजत होती. परत आल्यावर त्यानं आधी बागेत जाऊन बघितलं, मग पाय धुतले.

पाडवा ३० मार्चला होता. चांगल्या वर्षी पाडव्याला आमच्या घरातून पेट्या गेलेल्या असतात. त्या वर्षी गुढीखाली उभं राहून बघितलं तर आंबा कुठे सुपारीएवढा, कुठे अंड्याएवढा. ३० एप्रिलला अक्षय्य तृतीया. त्या दिवशी पुण्या-मुंबईला आमरस लागतोच, आणि त्या दिवशी आमच्याकडे द्यायला मोजका माल होता. ज्यांनी दिला त्यांना दर मिळाला. आमचा आंबा मेच्या मध्यावर चौदा आण्याला येऊ लागला, आणि भाऊ दिवसरात्र घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन झाडांवर. वीस-पंचवीस दिवस मिळतील असा हिशोब होता. सात जूनचा पाऊस धरून.

पाऊस आला २५ मे रोजी.

मी हे कादंबरीत लिहिलं आणि खर्डा पुण्यातल्या एका मैत्रिणीला वाचायला दिला. ती चोखंदळ वाचक आहे, मी लिहिलेलं पहिल्यांदा तीच वाचते. तिनं समासात लिहिलं, ‘पाऊस फार सोयीनं आणलास. मोहोर उशिरा आणि पाऊस लवकर, दोन्ही एकाच वर्षी? वाचकाला लेखिकेचा हात दिसतो.’ आता काय करायचं? नोंदी आहेत. २०२५ साली मान्सून २४ मे रोजी केरळात आला, एरवी येतो १ जूनला. दुसऱ्या दिवशी त्याची सीमा देवगडपर्यंत पोचली, नेमकी देवगडपर्यंत, आणि २६ मेला तो मुंबईत. मुंबईत तो इतक्या लवकर पंचाहत्तर वर्षांत आलेला नव्हता. त्याच्या आधीचे चार-पाच दिवस वळवानं झोडपलंच होतं. मी मैत्रिणीला हवामान खात्याची पत्रकं पाठवली. ती म्हणाली, खरं असेल गं, पण खोटं वाटतं, आणि कादंबरीला खोटं वाटून चालत नाही.

तिचं म्हणणं चूक नाही. खऱ्या आयुष्यात योगायोगाला पुरावा लागत नाही, कादंबरीत लागतो. मी तो प्रसंग जूनमध्ये ढकलून बघितला. तर सगळंच सैल झालं, बागवाल्याला माल उतरवायला वेळ मिळाला आणि मला हवा असलेला माणूस, हातात घळ घेऊन भिजत उभा असलेला, तिथे राहीना. मग एका पात्राच्या तोंडी हवामानाचा अंदाज घालून बघितला, आधीपासून सूचना मिळावी म्हणून. तो फार शहाणा वाटायला लागला. भावाला विचारलं तर तो म्हणाला, “पाऊस इलो तो इलो. त्येका काय तुझ्या कादंबरेची परवानगी होयी?” व्यवहार म्हणून हे ठीक, तंत्र म्हणून याचा काही उपयोग नाही.

सध्या मी असं केलंय की पाऊस आणलाय २५ मेलाच, पण तो पहिल्यांदा कुणाला खराच वाटत नाही. वळीव आहे, जाईल, म्हणून सगळे जण थांबतात. एक दिवस, दोन दिवस. फळमाशी बसायला लागते तरी थांबतात. पुस्तकातली सगळी माणसं वाचकाइतकीच अविश्वासानं आभाळाकडे बघतायत. त्यानं मैत्रिणीचं समाधान झालं की नाही ते तिनं अजून सांगितलेलं नाही. पाऊस थांबत नाही हे पहिल्यांदा राखणदाराच्या बायकोला कळतं, कारण परतीच्या गाडीची तिकिटं तिनं काढलेली असतात. मग कॅनिंगच्या गाड्यांच्या रांगेचं प्रकरण येतं. क्रेट भिजलेले, काटा एकच, आणि रांगेत मागचा माणूस पुढच्याला विचारतोय, दर किती लावला. ते प्रकरण मी आत्ता लिहितेय, आणि त्यात माझ्या बागवाल्याला काही बोलू द्यायचं की नाही, यावर अडून बसले आहे. तो गेल्या तीन प्रकरणांत फारसा बोललेला नाही, आणि आता बोलला तर सगळंच बोलेल.

कार्यवाह घड्याळ दाखवतायत. प्रश्न जरूर विचारा, वेळ आहे. फक्त यंदाच्या पेटीचा दर मला विचारू नका. तो भावाकडे मिळेल, आणि तो फोनवर सांगत नाही.